‘पुरे’ कोण म्हणते?

पंगतीत वाढपी पानाजवळ आला की जेवणारा आडवा हात धरून ‘पुरे’ म्हणतो. हा शब्द आपल्या घरांत दिवसातून इतक्या वेळा उच्चारला जातो की तो नेमका कोणी उच्चारला, असा प्रश्न कोणास सुचत नाही. आपण असे धरून चालतो की तो जेवणाऱ्याच्या विवेकाने उच्चारला. ह्याच समजुतीतून दुसऱ्या दोन समजुती निघतात. जो वेळेवर ‘पुरे’ म्हणत नाही आणि स्थूल होतो, त्यास संयम नाही. आणि जिला दोन घासही जात नाहीत ती नखरे करते. ह्या दोन्ही समजुतींनी आपल्या घरांतून किती अश्रू काढले असतील, ह्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. परंतु भुकेचे शास्त्र गेल्या पन्नास वर्षांत जेथवर आले आहे, तेथून पाहता ह्या समजुती फारशा टिकत नाहीत. ‘पुरे’ हा शब्द जिभेवर येण्यापूर्वी तो बव्हंशी मानेच्या वर, कवटीच्या तळाशी, मेंदूच्या देठात ठरून गेलेला असतो. हे कसे घडते, ते आमच्या वाचकांस सांगावे असे आम्ही योजिले आहे.

हा विषय आजच घेण्यास कारणही आहे. २०२५ सालच्या मार्चात तिर्झेपटाइड आणि जूनमध्ये, खास लठ्ठपणासाठी म्हणून, सेमाग्लुटाइड ही आठवड्यातून एकदा टोचून घेण्याची औषधे आपल्या देशात विक्रीस आली. उत्तनच्या कोळीवाड्यापासून मीरा रोडच्या उंच इमारतींपर्यंत पसरलेल्या आमच्या मीरा-भाईंदर नगरात ह्या औषधांस गिऱ्हाईक न मिळाले तरच नवल. येथील कितीतरी कुटुंबांतील कर्ता पुरुष, आणि आता कर्ती स्त्रीही, सकाळी लोकलच्या गर्दीत शिरते ती रात्रीच परतते. दुपारचा डबा घाईने संपतो, संध्याकाळी फलाटावर वडापाव होतो आणि मुख्य जेवण रात्री दहाच्या सुमारास. चालणे तेवढे जिन्याचे. २०१९ ते २१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा २४ आणि पुरुषांपैकी शेकडा सुमारे २३ प्रमाणाबाहेर वजनाचे आढळले. तेव्हा ‘ती सुई घ्यावी काय?’ हा प्रश्न घरोघर निघणार. त्याचे उत्तर देण्यापूर्वी ती सुई शरीरात कोठे जाऊन काय करते, हे माहीत असणे बरे.

शरीराचा एक अवयव दुसऱ्या अवयवास रक्तामार्फत निरोप धाडतो, हे १९०२ साली लंडनमध्ये बेलिस व स्टार्लिंग ह्या दोघांनी दाखविले. अशा निरोप्या द्रव्यांस स्टार्लिंग ह्यांनी १९०५ साली ‘हॉर्मोन’ हे नाव दिले; मराठीत आपण त्यांस संप्रेरके म्हणतो. पुढे भुकेचे ठिकाण मेंदूत शोधण्याचे प्रयत्न सुरू झाले. त्यांत एका भारतीयाचे नाव अग्रभागी आहे. डॉ. बाल कृष्ण आनंद ह्यांनी अमेरिकेतील येल विद्यापीठात ब्रोबेक ह्यांच्यासह १९५१ साली असे दाखविले, की मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस नामक भागाची बाहेरची बाजू नष्ट केली तर उंदीर समोर अन्न असूनही खात नाही. हेच आनंद पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांच्या शोधानंतर बरीच वर्षे भुकेची सारी सत्ता हायपोथॅलॅमसकडे आहे, असे मानले जाई.

ह्या मतास १९७८ साली एक विलक्षण धक्का बसला. ग्रिल व नॉरग्रेन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी काही उंदरांचा पुढचा मेंदू देठापासून तोडून वेगळा केला. हायपोथॅलॅमसचा हुकूम आता खाली पोहोचणे शक्य नव्हते. असा उंदीर आपण होऊन अन्न शोधीत नाही. परंतु तोंडात गोड द्रव सोडला तर गिळतो. आश्चर्य असे, की काही वेळ गिळल्यावर तो थांबे आणि पुढचा द्रव तोंडातून गळू देई. वरच्या मेंदूची मदत नसतानाही तो ‘पुरे’ म्हणत होता! दहा वर्षांनी ग्रिल व स्मिथ ह्यांनी अशाच उंदरांस आतड्यातील एक संप्रेरक टोचले, तेव्हा ते आणखी लवकर थांबले. एक गोष्ट मात्र त्या उंदरांस साधत नसे. आदल्या दिवशी उपास घडला म्हणून आज अधिक गिळावे, हे त्यांना कळत नसे.

ह्या प्रयोगांचा अर्थ आमच्या हिशेबी वाचकांस एका दाखल्याने सहज कळेल. दुकानात रोजकीर्द असते आणि खतावणी असते. रोजच्या व्यवहाराची नोंद कीर्दीत होते. वर्षभराची येणी-देणी खतावणीत दिसतात. भुकेच्या पेढीवर रोजकीर्द मेंदूचा देठ लिहितो: हे जेवण किती झाले, आता थांबावे की नाही. खतावणी हायपोथॅलॅमसकडे असते: शरीरात चरबीची शिल्लक किती, महिन्या-दोन महिन्यांत घट झाली की वाढ. ही शिल्लक कळविणारे लेप्टिन नावाचे संप्रेरक चरबीच्या पेशींतूनच निघते. ते १९९४ साली न्यूयॉर्कच्या फ्रीडमन ह्यांच्या प्रयोगशाळेत सापडले. दोन्ही वह्या एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात. परंतु पानावरून उठण्याचा क्षण मुख्यतः कीर्दीवरून ठरतो.

आता एका जेवणाबरोबर आत काय घडते ते पाहू. अन्न जठरात उतरले की त्याची भिंत ताणली जाते. पुढे ते लहान आतड्यात येऊ लागले की त्यातील स्निग्धांश व प्रथिने ओळखून आतड्याच्या पेशी कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सोडतात. वरण-भातावरचे तूप पोटात गेल्यावर जे समाधान वाटते, त्यात ह्याचा वाटा मोठा आहे. ते टोचले असता उंदीर कमी खातात, हे १९७३ साली सिद्ध झाले. आतड्याच्या अधिक खालच्या भागातील पेशी जीएलपी-१ हे संप्रेरक सोडतात, आणि स्वादुपिंडातून इन्शुलिनच्या सोबतीने ॲमिलिन निघते. हे सर्व निरोप देठाकडे दोन मार्गांनी जातात.

पहिला मार्ग तारेचा. पोटापासून मेंदूपर्यंत व्हेगस नावाचा एक लांब मज्जातंतू गेलेला आहे. मेंदूचे हुकूम पोटास पोहोचविणे एवढेच त्याचे काम असावे, असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात त्याचे बहुतेक तंतू पोटाची खबर मेंदूकडे नेतात. ही तार देठाच्या खालच्या भागात, लंबमज्जेत, एका पेशीसमूहात येऊन संपते. त्यास शास्त्रज्ञ एनटीएस म्हणतात. हीच आपली कीर्द लिहिणारी गादी.

दुसरा मार्ग रक्ताचा, आणि येथे देठाची एक खास सोय आहे. रक्तातील वाटेल ते द्रव्य मेंदूत शिरू नये म्हणून मेंदूच्या केशवाहिन्यांच्या भिंती घट्ट असतात. २०१७ साली जकात रद्द होईपर्यंत दहिसरच्या नाक्यावर मुंबईत शिरणारा माल अडवून तपासला जाई, हे आमच्या नगरातील लोकांस आठवत असेल. मेंदूचा नाका त्याहून कडक आहे. परंतु एनटीएसला लागूनच एरिया पोस्ट्रीमा नावाची एक चिमुकली जागा आहे, जेथे हा नाका जवळजवळ नाहीच. तेथील पेशी रक्त जणू चाखून पाहतात. ही जागा ओकारीची आहे, हे १९५० च्या दशकातच कळले होते. रक्तात विष आले तर ते ओळखून पोट रिकामे करविणे हे तिचे काम. जीएलपी-१ आणि ॲमिलिन ह्यांना ओळखणाऱ्या पेशीही तेथेच आहेत. म्हणजे तृप्ती आणि मळमळ ह्या एका भिंतीआडच्या शेजारणी होत. अति जेवणानंतर अन्नाचा वासही नकोसा होतो, त्याचे कारण ह्या शेजारात आहे.

ह्या शेजाराचा लाभ घेऊनच नवी औषधे काम करतात. जीएलपी-१ ह्या संप्रेरकाचा पत्ता १९८० च्या दशकात लागला. ते भूक कमी करते, हे १९९६ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मेंदूत ते सोडून दाखविले. अडचण एवढीच, की शरीरात ते दोन-एक मिनिटांत अर्धे नाहीसे होते. त्याच्यासारखेच परंतु टिकाऊ द्रव्य १९९२ साली न्यूयॉर्कच्या जॉन इंग ह्यांना सापडले, तेही अमेरिकेच्या वाळवंटातील गिला नामक विषारी सरड्याच्या लाळेत! त्यावरून केलेले औषध २००५ साली मधुमेहासाठी मान्य झाले. पुढे मूळ संप्रेरकाच्याच रचनेत फेरफार करून सेमाग्लुटाइड तयार झाले. त्याचा प्रभाव अर्ध्यावर येण्यास सुमारे एक आठवडा लागतो. म्हणून आठवड्यास एक सुई पुरते. ह्या संशोधनाबद्दल हॅबनर, श्रीमती मोज्सोव्ह व श्रीमती क्नुड्सन ह्यांस २०२४ सालचे लास्कर पारितोषिक मिळाले.

हे औषध नाका ओलांडून मेंदूभर पसरत नाही. ते एरिया पोस्ट्रीमासारख्या उघड्या जागांतून शिरते आणि तेथून ‘पुरे’चा निरोप वर धाडते. ते घेणारे सांगतात, की पोट भरल्याची जाणीव लवकर होतेच, शिवाय दिवसभर मनात घोळणारे खाण्याचे विचार शांत होतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या परीक्षेत ६८ आठवड्यांत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन सरासरी शेकडा १४.९ घटले, नुसते पाणी टोचलेल्यांचे शेकडा २.४. तिर्झेपटाइडच्या २०२२ सालच्या परीक्षेत सर्वांत मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत ही घट शेकडा २०.९ पर्यंत गेली. ह्या लोकांच्या अंगी एकाएकी संयम आला काय? त्यांचा स्वभाव तोच होता, घर तेच होते. देठाकडे जाणारा एक निरोप तेवढा मोठ्या आवाजात पोहोचू लागला. ज्याचा हा निरोप जन्मतः क्षीण आहे, त्यास आजवर आपण ‘हावरा’ म्हणत आलो.

मळमळ व ओकारी हा ह्या औषधांचा सर्वपरिचित उपद्रव होय, आणि तो का होतो हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. २०२४ साली उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले, की एनटीएसमधील पेशी तृप्ती देतात आणि मळमळीचा भाग मुख्यतः एरिया पोस्ट्रीमातील पेशींकडे आहे. दोन्ही वेगळ्या करता आल्या, तर पुढे मळमळीवाचून भूक आवरणारे औषध निघू शकेल.

परंतु ह्या देठाची सर्वांत महत्त्वाची कथा लठ्ठपणाची नाहीच. ती आमच्या भगिनींची आहे. गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत बहुसंख्य स्त्रियांस मळमळ होते. शेकडा एक-दोघींस मात्र ती इतकी प्रचंड होते की पाणीही पोटात राहत नाही, वजन घटते आणि रुग्णालयात शिरेवाटे द्रव द्यावे लागतात. अशा सुनेस आपल्या घरांत काय ऐकावे लागते ते सांगण्याचे कारण नाही. ‘आम्हांला काय मुले झाली नाहीत?’ हे वाक्य अनेकींच्या ओळखीचे असेल. विलायतेतही ह्याहून वेगळे नव्हते. अमेरिकेतील संशोधिका मार्लेना फेझो ह्यांना १९९९ साली ह्याच विकाराने इतके ग्रासले की त्यांचा गर्भ गेला. आणि त्या अतिशयोक्ती करीत आहेत, असे त्यांच्या चिकित्सकाचे मत पडले. फेझो ह्यांनी ह्या विकाराचे मूळ शोधण्यास स्वतःस वाहून घेतले.

ते मूळ जीडीएफ-१५ ह्या संप्रेरकात सापडले. शरीराच्या पेशींवर ताण आला की त्या हे द्रव्य सोडतात. त्यास ओळखणारे कुलूप कोठे आहे, हे २०१७ साली चार निरनिराळ्या गटांनी एकाच वेळी शोधून काढले, आणि ते सापडले फक्त मेंदूच्या देठात: एरिया पोस्ट्रीमा आणि एनटीएस ह्या दोनच ठिकाणी. गर्भ व वार हे द्रव्य मोठ्या प्रमाणात आईच्या रक्तात सोडतात. फेझो आणि केंब्रिजचे ओ’राहिली ह्यांच्या गटांनी डिसेंबर २०२३ मध्ये दाखविले, की गर्भारपणापूर्वी ज्या स्त्रीच्या रक्तात हे द्रव्य कमी असते, तिच्या देठास त्याची सवय नसते. एकदम पूर आला की तिला असह्य ओकाऱ्या होतात. उलट थॅलॅसेमिया ह्या रक्तविकाराच्या ज्या स्त्रियांत ते आधीपासूनच भरपूर असते, त्यांना हा त्रास फारसा होत नाही. तेव्हा सासूबाईंस त्रास झाला नाही हे खरे, आणि सुनेस होतो हेही तितकेच खरे. दोघींचे देठ निराळे आहेत. त्यात कोणाच्या मनाच्या बळाचा प्रश्न नाही. पाणी पोटात ठरेनासे झाले, लघवी कमी झाली किंवा वजन घटू लागले, तर काढे व उपदेश बाजूस ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

हेच द्रव्य कर्करोगाच्या पुष्कळ रुग्णांत वाढलेले असते. त्यांची अन्नावरील वासना उडते आणि शरीर झिजते. त्यास अडविणारे एक औषध दिले असता अशा रुग्णांचे वजन वाढते, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षेत दिसले. ‘दोन घास तरी खा’ म्हणून आजाऱ्याची मनधरणी करताना, आणि न खाल्ल्यास रागावताना, त्याच्या देठात सतत कोणता निरोप येत आहे ह्याचे स्मरण ठेवावे.

आता सुईच्या प्रश्नाकडे वळू. येथे पुण्याच्या एका संशोधनाची आठवण करणे अवश्य आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता-बालकांचा अभ्यास १९९३ पासून चालविला. तेथील नवजात बालकांचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आपली बालके स्नायूंनी रोड निघाली, परंतु कातडीखालची चरबी त्यांनी त्या मानाने राखली होती. २००४ साली डॉ. याज्ञिक ह्यांनी आपले व लंडनच्या युडकिन ह्यांचे एकत्र छायाचित्र ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय पत्रात छापले. उंचीच्या मानाने वजन काढले तर दोघांचा आकडा सारखाच, २२.३, परंतु युडकिन ह्यांच्या शरीरात चरबी शेकडा ९.१, तर याज्ञिक ह्यांच्या शेकडा २१.२! काट्यावर सडपातळ दिसणारा भारतीय आतून स्थूल असतो, तो असा.

ह्यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही, की आपल्या लोकांस मधुमेहाचा धोका कमी वजनातच सुरू होतो. म्हणून आपल्याकडे हा आकडा २३ च्या वर गेला की सावध होण्यास सांगतात. दुसरी अधिक नाजूक आहे. ह्या औषधांनी वजन घटते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही घटतात. ज्याच्या अंगी मुळातच स्नायू थोडे, त्याने तेही घालविले तर उतारवयात जिना चढणे कठीण होईल. तेव्हा ज्यास औषध खरोखर लागू आहे त्याने ते घ्यावे, परंतु आहारात डाळी, उसळी, दूध, दही, पनीर ह्यांचा वाटा वाढवावा आणि वजन उचलण्याचा काही व्यायाम नेमाने करावा. भूक मेली म्हणून चहा-बिस्किटावर दिवस काढणे घातक आहे. मूल हवे असणाऱ्या स्त्रीने सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी बंद केले पाहिजे. स्वादुपिंडाचा दाह होऊन गेलेल्यांनी, किंवा घराण्यात थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग असलेल्यांनी, ते डॉक्टरांस आधी सांगावे. लग्नाच्या शालूत बारीक दिसावे एवढ्यासाठी कोणी ही सुई टोचून घेऊ नये.

आणखी एक गोष्ट. औषध थांबविल्यावर वर्षभरात, गमावलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आले, असे दिसून आले आहे. हे कोणाच्या ढिलाईचे फळ नव्हे. चरबी घटली की लेप्टिन घटते, खतावणीत तूट दिसते आणि वरचा मेंदू ती भरून काढण्याचा हुकूम देतो. देठास मिळणारा जादा निरोप मात्र आता बंद झालेला असतो. रक्तदाबाची गोळी सोडली की दाब पुन्हा चढतो, तसेच हे आहे. जो हे औषध सुरू करतो त्याने दीर्घकाळच्या खर्चाचा व देखरेखीचा विचार आधीच करावा.

ज्यांना औषधाची गरज नाही, त्या घरांसही हे शास्त्र काही शिकविते. आतड्यांचे निरोप देठाकडे पुरतेपणी पोहोचण्यास पंधरा-वीस मिनिटे लागतात. दहा मिनिटांत जेवण उरकणारा मनुष्य निरोप येण्यापूर्वीच दोन पोळ्या अधिक खाऊन मोकळा होतो. वरण, उसळ, कोशिंबीर आधी घेऊन भात मागून घ्यावा आणि घास सावकाश चावावेत. ‘पान टाकू नये’ हा आपल्या घरांतील नियम उत्तम आहे, परंतु तो पाळण्याचा भार मुलाच्या पोटावर न टाकता वाढणाऱ्याच्या हातावर टाकावा. थोडे वाढावे, मागेल तर पुन्हा वाढावे. मूल ‘पुरे’ म्हणते तेव्हा त्याचा देठ खरे बोलत असतो. त्यावर रोज आणखी एक घास लादला, तर ते मूल आपल्या शरीराचा आवाज ऐकणे विसरते, आणि मोठेपणी तोच आवाज त्यास औषधाच्या दुकानातून विकत आणावा लागतो.

आपल्या समाजात आग्रह हे प्रेमाचे रूप समजतात, आणि ते प्रेम कमी व्हावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु पाहुण्याचा आडवा हात एकदा दिसला की पळी मागे घेण्यातही प्रेम आहे. तसेच ज्याचा हात वेळेवर आडवा होत नाही त्यास टोमणा न मारण्यात, आणि जिला अन्नाचा वासही सोसवत नाही तिच्याजवळून ताट मुकाट्याने उचलून नेण्यात ते आहे.